फाटकाबाहेरचं वाणिज्य

जुलै २०२५मध्ये कर्नाटकातल्या हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला जीएसटीची नोटीस आली. चार वर्षांत त्याच्या खात्यावर यूपीआयने १ कोटी ६३ लाख रुपये जमा झाले होते आणि त्यापोटी २९ लाख रुपये कर भरावा, असं नोटिशीत होतं. राज्यातल्या इतर छोट्या दुकानदारांनाही अशा नोटिसा गेल्या. थोड्याच दिवसांत बंगळुरूच्या चहाच्या टपऱ्यांवरून आणि बेकऱ्यांमधून क्यूआर कोड उतरले, त्यांच्या जागी 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद चिकटले. गदारोळ झाल्यावर, करमुक्त माल विकणाऱ्यांकडून वसुली होणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला.

ताजी भाजी करमुक्त आहे. जो फक्त करमुक्त माल विकतो त्याला, उलाढाल कितीही असली तरी, जीएसटी नोंदणी लागत नाही. कायद्याचं तेविसावं कलम हेच सांगतं. जीएसटीचा पेपर असलेल्या कुठल्याही बी.कॉम.च्या वर्गात नोंदणी कुणाला लागते आणि कुणाला नाही, हे पहिल्या काही तासांतच शिकवलं जातं. मुलं ते पाठ करतात, लिहितात, मार्क मिळवतात. आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर भाजीची गाडी लावणाऱ्या माणसाला ते कुणीही सांगितलेलं नसतं. नोटीस आली की तो घाबरून क्यूआर कोड फाडतो, म्हणजे गेल्या आठ-नऊ वर्षांत कष्टाने अंगवळणी पडलेली एक सोय एका दिवसात सोडून देतो.

घटना कर्नाटकातली असली, तरी आपल्याकडे चित्र वेगळं आहे असं म्हणायला माझ्यापाशी आधार नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी वाणिज्य शाखा आहे. अकरावी-बारावीला पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन शिकवणारे शिक्षक आहेत, पुढे पदवीचे प्राध्यापक आहेत. त्याच गावात किराणा दुकानं, शिवणयंत्रं, पापड-मसाल्यांचे बचत गट आहेत, मोबाइलवर माल विकू पाहणारी तरुण मुलं आहेत. या दोन जगांची एकमेकांशी गाठच पडत नाही. अर्थशिक्षणाच्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसतं. वाणिज्याच्या शिक्षकाची पात्रता आपण त्याच्या पदव्या, परीक्षा आणि शोधनिबंध यांवरून ठरवतो. आपल्या गावच्या बाजाराचा हिशेब त्याला उलगडता येतो का आणि तो मुलांकडून उलगडून घेता येतो का, यावरून ती ठरायला हवी.

ही मागणी नवी नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. शिक्षक कसा असावा याबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा समजणारे असावेत, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरता यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं. शिक्षकाला पगार नीट द्या, हेही त्याच निवेदनात आहे. ज्ञान, लोकसंपर्क आणि पोटापाण्याची सोय या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. आज वाणिज्याच्या शिक्षकाकडे यातली फार तर पहिली आपण तपासतो, आणि तीही कागदावर.

परीक्षांना माझा विरोध नाही. शालेय शिक्षकांची टीईटी असो, प्राध्यापकांची नेट-सेट असो, किमान ज्ञानाची चाळणी हवीच. २०२१ साली टीईटीच्या निकालांतला घोटाळा पुण्यात उघडकीला आला, तेव्हा ही चाळणीसुद्धा किती भोकांची आहे ते आपण पाहिलं. पण चाळणी सचोटीने चालली तरी प्रश्न उरतोच, कारण प्रमाणपत्र म्हणजे वर्गातलं शिकवणं नव्हे. इंडोनेशियाने हे मोठी किंमत मोजून अनुभवलं. त्या देशाने २००५ साली शिक्षकांसाठी कायदा केला. त्यात शिक्षकाच्या चार क्षमता ठरवल्या: अध्यापनाची, व्यक्तिमत्त्वाची, सामाजिक आणि विषयज्ञानाची. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकाला मूळ पगाराएवढा भत्ता, म्हणजे जवळपास दुप्पट वेतन, अशी योजना आली. पुढे ३६० शाळांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षक जास्त समाधानी होते, जोडधंदा करण्याची वेळ कमी जणांवर येत होती, पण मुलांच्या शिकण्यात दोन आणि तीन वर्षांनंतरही फरक पडला नव्हता. शिक्षकांना पैसे कमी द्या, असा याचा अर्थ मी काढत नाही. पोटभर पगार हा त्यांचा हक्क आहे. पगार आणि प्रमाणपत्र दिलं की क्षमता आपोआप येते, या समजुतीला मात्र त्या निष्कर्षात जागा उरत नाही. चार क्षमतांपैकी 'सामाजिक' क्षमता, म्हणजे भोवतालच्या माणसांशी असलेलं नातं, मोजायला सगळ्यांत अवघड. आपण तर तो शब्द यादीतही घेतलेला नाही.

महाविद्यालयांत तर मोजमाप शोधनिबंधांवर येऊन ठेपलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१०मध्ये प्राध्यापकांची कामगिरी मोजणाऱ्या एपीआय गुणांची पद्धत आणली आणि पदोन्नती छापील लेखांच्या संख्येला बांधली गेली. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मे २०१८मध्ये यूजीसीला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. पुढे मान्य नियतकालिकांची, पुण्यातून सुरू झालेली 'केअर' यादी आली, फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. या सगळ्या गडबडीत वाणिज्य विभागांमधून एक ठरावीक साच्याचा निबंध निघत राहिला. विषय 'लघुउद्योगांवर डिजिटल मार्केटिंगचा परिणाम'. पद्धत गूगल फॉर्म. शंभरेक उत्तरं, त्यांतली बरीच ओळखीच्यांची. 'डिजिटल मार्केटिंगमुळे विक्री वाढते असे आपणास वाटते का?' या प्रश्नाला 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' असे पाच पर्याय. निष्कर्ष: लक्षणीय सकारात्मक संबंध आढळला. शिफारस: सरकारने प्रशिक्षण द्यावं.

असा निबंध वाचला की मला त्यात नसलेली माणसं दिसतात. इन्स्टाग्रामवर दोन वर्षं फोटो टाकून शेवटी कंटाळून धंदा बंद केलेली बाई त्या फॉर्मपर्यंत पोचत नाही. फॉर्म भरतो तो टिकलेला. जो टिकला त्याच्याकडे आधीपासून भांडवल होतं की नातेवाइकांचं गिऱ्हाईक होतं, हे कुणी विचारत नाही. आणि 'वाटतं का' हा प्रश्नच चुकीचा आहे. मोबाइलवरच्या जाहिरातीवर महिन्याला किती खर्च झाला, त्यातून किती ऑर्डरी आल्या, किती परत आल्या आणि सगळं वजा जाता काय उरलं, हे विचारायचं असतं. त्यासाठी दुकानात जाऊन बसावं लागतं. फॉर्मची लिंक पाठवून ते होत नाही.

बसल्यावर काय दिसतं? सोलापूरची शेंगाचटणी घेऊ. एखादा बचत गट पाव किलोचं पाकीट घरून ११० रुपयांना विकतो आहे असं समजू. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून ४५ रुपये, पाकीट आणि लेबल ८, कुटणं आणि गॅस ५. एकूण ५८. बायका म्हणतात, पाकिटामागे ५२ रुपये सुटतात. दोघी मिळून सहा तासांत चाळीस पाकिटं भरतात, पण ते तास कुणी धरत नाही. तासाला ५० रुपये धरले तरी पाकिटामागे १५ रुपये मजुरी होते. म्हणजे नफा ५२ नाही, ३७ आहे.

आता कुणीतरी सांगतं, ऑनलाइन विका. किंमत १५० ठेवली. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन समजा १५ टक्के, म्हणजे साडेबावीस रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, आणखी चार रुपये. अर्धा किलोपर्यंतच्या पार्सलला कुरियरचे ६५ धरा. हातात येतात साडेअठ्ठावन्न. साहित्य, पाकीट, गॅस मिळून खर्च ५८. मजुरी सोडाच, पाकीट परत आलं तर घरातून पैसे घालावे लागतात. विक्री मात्र वाढलेली दिसते, रीलला लाइक मिळालेले असतात आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल गेलेला असतो.

हीच चार पाकिटं एका खोक्यात घालून एक किलोचा संच म्हणून विकली आणि त्या मोठ्या पार्सलला ११० रुपये लागले, तर कुरियरचा भार पाकिटामागे साडेसत्तावीसवर येतो. मजुरी धरूनही पाकिटामागे सुमारे २३ रुपये राहतात. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, दर जागोजागी आणि दर महिन्याला बदलतात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. बदलता खर्च, स्थिर खर्च, प्रतिनग वाटा, मागणीची लवचीकता हे सगळं यात आलं. बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीच्या लवचीकतेवर अख्खं प्रकरण आहे. वर्गात ते वक्राच्या आकृतीने सुरू होतं आणि वक्राच्या आकृतीनेच संपतं. 'पाकीट ११० वरून १५० केलं तर तुमच्या गल्लीतली किती गिऱ्हाइकं तुटतील?' हा प्रश्न विचारला, तर तीच लवचीकता मुलं बाजारातून मोजून आणतील.

या चटणीच्या गोष्टीत कायदाही आहे. राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्सवरून माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३पासून, उलाढाल मर्यादेखाली असेल तर, जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पॅन देऊन एक क्रमांक घेतला की पुरतं. सोलापूरहून पुण्याला पाकीट गेलं तर अडचण नाही. पण सोलापूरपासून हैदराबाद काही लांब नाही, तिथून मागणी येणारच. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढालीची मर्यादा उपयोगाची नाही, नोंदणी लागते. पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना, तक्रारीसाठी पत्ता हे सगळं लागतं. डिजिटल मार्केटिंगच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत यातलं काय सांगतात? फोटो कसा काढायचा, पोस्टर कसं बनवायचं, हॅशटॅग कुठले. त्याचाही उपयोग आहे, पण गटाला बुडवणाऱ्या गोष्टी या नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि कुठल्याच निबंधात ती सापडत नाही. बचत गटाचं व्हॉट्सॲप बिझनेस खातं कुणाच्या नंबरवर असतं? बहुधा अध्यक्षांच्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या. इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. तो नोकरीला पुण्याला गेला की उत्तरं यायची थांबतात. गटात वाद झाला की पान त्याच्याबरोबर जातं, आणि पानाबरोबर पाच वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकंही जातात. बारावीच्या पुस्तपालनात भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू अशी प्रकरणं आहेत आणि गुडविलचं, म्हणजे धंद्याने कमावलेल्या नावाचं, मूल्यांकन मुलं तोंडपाठ करतात. आजच्या छोट्या धंद्याचं गुडविल त्या एका मोबाइल नंबरात साठलेलं आहे. तो नंबर गटाच्या नावावर घ्या, पासवर्ड दोघींकडे ठेवा, गट सोडताना हस्तांतर कसं होईल ते इतिवृत्तात लिहा, हा सल्ला पुस्तपालनाच्या शिक्षकाइतका चांगला दुसरं कोण देऊ शकेल? गुडविल कळतं त्यालाच हे सुचेल. अट एवढीच की तो कधी तरी गटाच्या बैठकीला जाऊन बसलेला हवा.

पाठ्यपुस्तकांना मी दोष देत नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची वाणिज्याची पुस्तकं मी बारकाईने पाहिली आहेत. उद्योजकता विकास, ई-व्यवसाय, ग्राहक संरक्षण, विपणन या सगळ्यांवर प्रकरणं आहेत. अकरावीच्या अर्थशास्त्रात महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर आणि ग्रामीण विकासावर स्वतंत्र धडे आहेत. सामग्री पुरेशी आहे. ती आपल्या गावाला लावून दाखवणारा शिक्षक कमी पडतो, कारण तसं करण्याचा मोबदला त्याला कुठेच मिळत नाही. निकाल टक्क्यांत मोजतात, पदोन्नती लेखांत.

या तुटलेपणाची किंमत आकड्यांतही दिसते. शिक्षणाची देशव्यापी पाहणी करणाऱ्या 'असर'ने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. जवळपास नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि मुलांना तो वापरता येत होता. ज्यांना निदान वजाबाकी येते त्यांना रोजच्या व्यवहारातली गणितं दिली, तेव्हा खर्चाचा मेळ घालणं साठ टक्क्यांहून अधिक जणांना जमलं, सवलत काढणं सुमारे ३७ टक्क्यांना आणि कर्जाची परतफेड काढणं जेमतेम दहा टक्क्यांना. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९च्या पाहणीत देशातले २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. गोव्यात हे प्रमाण ५० टक्के होतं, महाराष्ट्रात १७. देशाची आर्थिक राजधानी ज्या राज्यात आहे, तिथे १७. ऑगस्ट २०२५मध्ये देशात यूपीआयचे एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. व्यवहार करायला बोट पुरतं, ते समजून घ्यायला कुणीतरी शिकवावं लागतं.

मग शिकवायचं कसं? इथे संशोधनाचा खरा उपयोग होतो, आणि चांगलं संशोधन जगात झालेलं आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या कर्जदार व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर हिशेबलेखन शिकवलं, दुसऱ्याला चार ढोबळ नियम. घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खणात ठेवा, एकातून दुसऱ्यात घेतले तर चिठ्ठी ठेवा, अशा धर्तीचे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ढोबळ नियम शिकलेल्यांच्या सवयी सुधारल्या, रीतसर हिशेबलेखन शिकलेल्यांत ठोस फरक दिसला नाही. टोगो देशाच्या राजधानीत दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०१७मध्ये छापून आला. पुढाकार घेणं, नवं शोधणं, अडचणीतून वाट काढणं असं प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने ११ टक्के वाढ दिसली, पण ती सांख्यिकीच्या कसोटीवर टिकली नाही. दोन्ही अभ्यासांत संशोधक माणसांच्या धंद्यात जाऊन, आधी आणि नंतर, ताडून बघत होते. शिकवण्याची कुठली रीत लागू पडते हे त्यांना त्यातूनच कळलं.

आपल्याला तर यासाठी टोगोपर्यंत जायचीही गरज नाही. पुण्यात १९३०मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी एक, १९३३चं, पुण्यातल्या फळविक्रीच्या पाहणीचं आहे. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाला शहरात फळं कशी येतात नि कशी विकली जातात, हा प्रश्न संशोधनाच्या तोलाचा वाटला. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत अध्यक्ष म्हणून उभे राहिले. बाजाराची पाहणी करणारा अभ्यासक शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या कामाला येतो, ही आपल्याच मातीतली परंपरा आहे. ती तुटली कधी आणि कशी, याचा शोध वाणिज्य विभागांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हापूस विकला जातो. २०२०च्या टाळेबंदीत बागायतदारांनी दलालाला वगळून थेट पेट्या पोचवल्या, आणि ती वाट पुढेही चालू राहिली. २०१८पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तरी परराज्यातला आंबा देवगड म्हणून खपतो. म्हणून देवगडच्या बागायतदारांनी प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर लावायची पद्धत आणली. कोल्हापुरी चपलेलाही २०१९पासून मानांकन आहे, आणि जून २०२५मध्ये इटलीच्या एका बड्या फॅशन कंपनीने तसलीच चप्पल नाव न घेता मंचावर आणली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचं रक्त तापलं. त्या चार दिवसांत जगभर 'कोल्हापुरी' शोधली जात असताना मूळ कारागिराच्या मालापर्यंत गिऱ्हाईक पोचलं का, मध्ये कोण कमावून गेलं? देवगडचा स्टिकर पाहून गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं का? सिंधुदुर्गातल्या आणि कोल्हापुरातल्या वाणिज्य विभागांनी हे प्रश्न घेतले, तर त्यातून निघेल ते संशोधन कुठल्याही यादीशिवाय मोलाचं ठरेल.

याला आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला, शिक्षक हा सल्लागार नव्हे, त्यासाठी सीए आहेत, जिल्हा उद्योग केंद्र आहे, बचत गटांसाठी सरकारचं 'उमेद' अभियान आहे. सीएची फी भाजीवाल्याला परवडत नाही आणि सीएलाही त्या कामासाठी वेळ नसतो. 'उमेद'च्या ताईंवर आधीच पुष्कळ बोजा आहे. आणि शिक्षकाने कुणाचं रिटर्न भरावं असं मी म्हणतच नाही. त्याने मुलांना घेऊन तो व्यवहार समजून घ्यावा आणि समजलेलं दुकानदाराला परत सांगावं. जिथे कायद्याची गुंतागुंत येईल तिथे योग्य माणसाकडे पाठवावं.

दुसरा आक्षेप, दुकानदार आपला हिशेब दाखवणार नाही. अनोळखी माणसाला नाहीच दाखवणार. पण वाणिज्याच्या वर्गात बरीच मुलं त्याच घरांतली असतात. आईच्या शिवणकामाचा, बापाच्या पानपट्टीचा हिशेब ती मुलं मांडू शकतात, नावं न सांगता. घरचा धंदा अभ्यासाचा विषय होतो तेव्हा त्या मुलाला आपल्या घराकडे बघण्याची नवी नजर येते. याचं मोल मला तरी गुणपत्रिकेहून जास्त वाटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. हे करणार कोण? राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत वाणिज्याचे तास घेतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने रखडतात, उन्हाळ्यात काहीच नाही. विनाअनुदानित शिक्षक वर्षानुवर्षं आझाद मैदानावर बसताहेत. ज्याला स्वतःच्या घराचा मेळ घालता येत नाही, त्याला गावच्या धंद्याचा हिशेब मांडायला सांगणं हा अन्याय आहे, आणि पदं भरल्याशिवाय या लेखातलं अर्धं म्हणणं हवेत राहील हे मला मान्य आहे. इंडोनेशियाच्या अनुभवाचा दाखला देऊन कुणी पगारवाढ नाकारू नये. पगारासोबत कामाची दिशाही बदला, एवढाच त्याचा अर्थ.

दिशा बदलायला जागा मात्र आजच आहे. २०२३च्या शासन निर्णयानंतर पदवीच्या श्रेयांक (क्रेडिट) रचनेत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग आले आहेत. बऱ्याच ठिकाणी मुलं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आणतात आणि श्रेयांक मिळतात. त्याऐवजी पाच मुलांच्या गटाला एक दुकान किंवा एक बचत गट सहा महिने द्यावा. हिशेबाची वही, पाकिटाचं लेबल, ऑनलाइन विक्रीचा खरा खर्च, मोबाइल नंबराची मालकी, क्यूआर फसवणुकीपासून बचाव आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक, एवढं काम झालं तरी पुष्कळ. शिक्षकाला त्यासाठी आठवड्यातले दोन तास कामाच्या भारात धरून द्यावेत, आणि या कामाचा अहवाल पदोन्नतीत शोधनिबंधाच्या बरोबरीने मोजावा. असे अहवाल दर वर्षी साठत गेले, तर दहा वर्षांनी त्या तालुक्याच्या छोट्या व्यापाराचा असा दस्तऐवज तयार होईल जो आज सरकारकडेही नाही.

बारावीला तर कुणाच्या परवानगीचीही वाट बघायला नको. वाणिज्याच्या विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत कामाचे आहेत. त्या वीस गुणांच्या प्रकल्पवह्या बाजारात तयार मिळतात, मुलं त्या उतरवून काढतात आणि शिक्षक सही करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. येत्या जूनमध्ये एखाद्या शिक्षकाने ठरवलं की वही उतरवायची नाही, घरचा किंवा गल्लीतला एक धंदा घ्यायचा आणि महिनाभर त्याची रोजची नोंद ठेवायची, तर त्याला अडवणारं कुणी नाही. तोंडी परीक्षेत त्याने दोनच प्रश्न विचारावेत. या धंद्याला मागच्या महिन्यात किती सुटले? आणि त्यात तुझ्या आईची मजुरी धरली होती का?